ध्रुवीय संशोधन कॅम्पचा पर्यावरणीय ठसा नकाशावर उतरवताना: तयारी, कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

अंटार्क्टिकात फील्ड कॅम्प करून परतलेल्या चमूच्या अहवालात पर्यावरणीय ठशाचं एक पान असतं. त्यावर बहुतेक वेळा चार तंबूंचे चौकोन, एक जीपीएस बिंदू आणि 'सर्व कचरा परत आणला' एवढं एक वाक्य सापडतं. जमीन नेमकी कुठे विस्कटली, तेल कुठे सांडलं, पायवाट कुठून गेली, यातलं काहीही त्यावरून कळत नाही. पुढच्या हंगामात त्याच जागी जाणाऱ्याला त्या पानाचा उपयोग शून्य.

याचं मुख्य कारण कामांचा उलटा क्रम. ठसा मोजायचा तर निम्मं काम तंबूची पहिली खुंटी ठोकायच्या आधी करावं लागतं. ते राहिलं की नंतर कितीही महागडं उपकरण आणलं तरी भरपाई होत नाही. म्हणून इथे दिलेले टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

उदाहरण म्हणून पूर्व अंटार्क्टिकातलं शिरमाखर ओॲसिस, म्हणजे बर्फमुक्त खडकाळ पट्टा, घेतलं आहे. भारताचं मैत्री स्थानक तिथे आहे आणि तिथूनच दक्षिणेकडच्या डोंगरांत छोटे कॅम्प निघतात. लार्समन हिल्समधल्या भारती स्थानकाच्या परिसरातही हीच पद्धत चालते.

## टप्पा 1: काय मोजायचं ते आधी कागदावर ठरवा

पाच थर ठेवा आणि ते शेवटपर्यंत वेगळेच राहू द्या.

1. व्यापलेली जागा: तंबू, स्वयंपाकाचा तंबू, ड्रमचा साठा, जनरेटर, शौचालय, हेलिकॉप्टर उतरण्याची जागा.
2. विस्कटलेली जमीन: पायवाटा, वाहनांचे माग, उलटलेले दगड, उकरलेली माती.
3. दूषित जागा: इंधन, सांडपाणी, राख, अन्नाचे कण.
4. संशोधनाच्या खुणा: मातीचे खड्डे, नमुने घेतलेले खडक, रोवलेल्या काठ्या, मागे ठेवलेली उपकरणं.
5. वापर आणि उत्सर्जन: इंधन, उड्डाणाचे तास, मनुष्य-दिवस. हा थर मुख्यतः तक्त्यात राहतो.

सर्वाधिक दुर्लक्ष होतं ते दुसऱ्या थराकडे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडव्यापी मोजणीत इमारतींनी व्यापलेली जागा 3,90,000 चौरस मीटरहून अधिक भरली होती, आणि त्याशिवाय नुसत्या बर्फमुक्त जमिनीवर विस्कटलेली जागा 52,00,000 चौरस मीटरहून अधिक. म्हणजे बांधकामाच्या साधारण तेरा पट. अख्ख्या खंडात बर्फमुक्त जमीन अर्धा टक्कासुद्धा नाही, आणि शेवाळ, लायकेन, पक्ष्यांची घरटी, आपले तंबू हे सगळं त्याच तुकड्यांवर एकवटतं. तंबूंचे चौकोन काढून थांबणारा नकाशा यातली मोठी बाजूच गाळतो.

चौथा थर शास्त्रज्ञांना स्वतःहून आठवत नाही. कचरा म्हणजे स्वयंपाकघरातला, अशी समजूत असते. पण बॅटरीसह मागे ठेवलेला डेटा लॉगर (आपोआप नोंदी घेणारं यंत्र) किंवा न बुजवलेला मातीचा खड्डा तंबूपेक्षा कितीतरी जास्त काळ तिथे राहतो.

इशारा: पाच थरांची बेरीज करून 'कॅम्पचा एकूण ठसा' असा एक आकडा काढू नका. थर एकमेकांवर येतात, एकच जागा दोनदा मोजली जाते, आणि लिटर व चौरस मीटर एकत्र मिळवता येत नाहीत.

## टप्पा 2: निघण्याआधीची तयारी

हे काम गोव्यात, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात किंवा आपल्या संस्थेतल्या टेबलावर बसून करायचं. कॅम्पवर गार बोटांनी फाइलींची नावं शोधायची वेळ आणू नका.

जुन्या जागा शोधा. माद्रिद प्रोटोकॉल या अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात जुने कॅम्प, इंधनसाठे, प्रवासमार्ग यांची ठिकाणं माहिती हरवण्याआधी नोंदवून ठेवायला सांगितलं आहे. तुमच्या जागेवर पूर्वी कोणी राहिलं होतं का, हे आधीच्या मोहिमांच्या अहवालांतून काढा. नाहीतर दुसऱ्याचा ठसा तुमच्या नावावर चढतो, किंवा तुमचा त्याच्या.

परवानग्या तपासा. 2022 च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याखाली कॅम्पला परवानगी लागते आणि पर्यावरणीय आघाताचं मूल्यमापन त्याचाच भाग असतं. ड्रोन उडवायचा असेल तर तो अर्जातच लिहा. शिरमाखरमधल्या दक्षिण गंगोत्री हिमनदीचं मुख हे 163 क्रमांकाचं विशेष संरक्षित क्षेत्र आहे. त्याची हद्द मूळ नकाशावर आधीच आखून ठेवा. वेगळ्या परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही.

मूळ नकाशा तयार करा. उंचीसाठी रेमा ही अंटार्क्टिकाची 2 मीटर तपशिलाची उंचीप्रतिमा आणि उघड्या खडकाच्या हद्दींसाठी स्कार या आंतरराष्ट्रीय अंटार्क्टिक संशोधन समितीचा अंटार्क्टिक डिजिटल डेटाबेस पुरेसा आहे. सेंटिनेल-2 उपग्रहाच्या 10 मीटर तपशिलाच्या चित्रावर तंबू दिसणार नाही. त्याचा उपयोग बर्फाची आणि तळ्यांची कड पाहण्यापुरताच.

प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत, ठरवा. नकाशे सगळ्यात जास्त इथे बिघडतात. मोबाइलमधले नकाशे ज्या वेब मर्केटर प्रक्षेपणावर चालतात, त्यात मैत्रीच्या अक्षांशावर म्हणजे 70°45' दक्षिणेला क्षेत्रफळ नऊ पटींहून जास्त फुगतं. 400 चौरस मीटरचा कॅम्प 3,600 च्या वर दिसतो. खंडपातळीच्या नकाशाला अंटार्क्टिक ध्रुवीय स्टीरिओग्राफिक, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या यादीतलं ईपीएसजी 3031 क्रमांकाचं प्रक्षेपण घ्या. कॅम्पपातळीला यूटीएम, म्हणजे रेखांशांच्या 6-6 अंशांच्या पट्ट्यांत विभागलेलं प्रक्षेपण, चालेल: मैत्रीसाठी पट्टा 32 दक्षिण, भारतीसाठी 43 दक्षिण. पण मैत्रीहून वोल्थाट पर्वतरांगेकडे निघालात की 12° पूर्व रेखांश ओलांडून तुम्ही पट्टा 33 मध्ये शिरता. अशा वेळी जीपीएसवर नोंदी अक्षांश-रेखांशातच ठेवा आणि प्रक्षेपण घरी आल्यावर बदला.

सामान: 50 मीटरची कापडी टेप, ताणकाटा, ड्रममध्ये बुडवून पातळी पाहायची खुणा केलेली लाकडी पट्टी, फोटोत ठेवायची मोजपट्टी, झाकणाच्या काचेच्या बाटल्या, छापलेले नोंदतक्ते आणि पेन्सिली. शाई गोठते, पेन्सिल गोठत नाही.

तपासणी: घराजवळच्या मैदानावर 20 बाय 20 मीटरचा चौकोन टेपने आखा, त्याच्या कडेने जीपीएस घेऊन चाला आणि ठरवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये क्षेत्रफळ काढा. उत्तर 400 च्या आसपास आलं नाही तर चूक कशात आहे ते इथेच शोधा.

## टप्पा 3: खुंटी ठोकण्याआधीची नोंद

हेलिकॉप्टर किंवा पिस्टन बुली (बर्फावर चालणारी पट्ट्यांची गाडी) सामान टाकून निघून गेली की सगळ्यांना आसरा उभा करायची घाई असते, आणि हवा बिघडत असेल तर ती घाई योग्यच आहे. म्हणून ही नोंद एका माणसाकडे सोपवा आणि सामान एकाच जागी, शक्यतो बर्फावर किंवा सलग कातळावर, उतरवून घ्या. हवामानाने मुळीच वेळ दिला नाही, तर निदान फोटोबिंदू तरी उरकून घ्या.

फोटोबिंदू असे ठरवा: कॅम्पच्या नियोजित जागेभोवती चार बाजूंना हलवता न येणारे मोठे दगड निवडा. प्रत्येकापाशी उभं राहून कॅम्पकडे एक, बाहेरच्या दिशेला एक आणि सरळ खाली जमिनीचा एक फोटो घ्या. कॅमेऱ्याची उंची, दिशा आणि वेळ लिहा. दगडावर रंग लावू नका. त्याच्या फोटोवरूनच तो ओळखता आला पाहिजे.

फोटोची वेळ महत्त्वाची आहे. डिसेंबरात इथे सूर्य मावळत नाही, पण स्थानिक मध्यरात्रीच्या सुमारास तो दक्षिणेला क्षितिजालगत उतरतो. त्या तिरक्या उन्हात जमिनीवरचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो आणि दुपारी अजिबात न दिसणारी जुनी पायवाट लख्ख दिसते. म्हणून एक संच दुपारचा, एक मध्यरात्रीचा.

नंतर जमीन वाचा. शिरमाखरच्या खडीवर हात टेकून बघा. न हललेल्या दगडाची वरची बाजू वाऱ्याने घासलेली आणि काळपट असते, खालची बाजू फिकी, कधी क्षारांची पांढरी पुटं धरलेली. फिका, पांढरट दगड वर तोंड करून पडला असेल तर त्याला कोणीतरी उलटवलं आहे. लायकेन दगडाच्या भेगांत असतं. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच हे भाऊबंद, पण इथे ते इतकं सावकाश वाढतं की बुटाखाली चुरडलेला तुकडा तुमच्या हयातीत पूर्ववत होईल अशी आशा धरू नका. शेवाळ वितळपाण्याच्या ओघळांकडेला सापडतं. या सगळ्याच्या हद्दी नकाशावर घ्या आणि त्यावरून तंबूंच्या जागा बदला.

विस्कटण्यासाठी साधी श्रेणी वापरा: 0 काही नाही, 1 फक्त तिरक्या उन्हात दिसतं, 2 दगड उलटले आहेत, 3 वाट स्पष्ट, खडी बाजूला सरकलेली, 4 उकरलेली, घट्ट दाबलेली किंवा दूषित जमीन. शक्यतो दोघांनी स्वतंत्र श्रेणी द्यावी आणि मग ताडून पाहावी.

इशारा: जिथे बर्फ साचला आहे तिथे '0' लिहू नका. 'माहिती नाही' लिहा. खाली काय आहे ते तुम्ही पाहिलेलं नाही. शून्य आणि रिकामी नोंद यांची गल्लत झाली की पुढच्या वर्षी बर्फ वितळल्यावर उघडी पडलेली जुनी गळती तुमच्या कॅम्पच्या माथी येते.

दुसरा इशारा, हातातल्या जीपीएसचा: त्याची चूक 3 ते 5 मीटर असते, आणि तंबूच 3 मीटरचा असतो. 20 बाय 20 च्या जागेची कड चालताना रेषा सगळीकडून 3 मीटर बाहेर पडली तर क्षेत्रफळ 676 येतं, 3 मीटर आत पडली तर 196. सेंटिमीटरची अचूकता देणारा डिफरेन्शियल जीपीएस असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर जीपीएसने कॅम्पचा एकच बिंदू घ्या, बऱ्याच वाचनांची सरासरी काढून. बाकी सगळी अंतरं त्या मोठ्या दगडांपासून टेपने मोजा.

## टप्पा 4: कॅम्प चालू असताना

इथे शिस्त म्हणजे रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं. आठवड्याचं एकदम लिहिणार असाल तर लिहू नका. ते अंदाज असतात.

- इंधन: पहिल्या दिवशी आणि नंतर रोज प्रत्येक ड्रममध्ये पट्टी बुडवून पातळी घ्या. विमान इंधनाच्या एका लिटरमागे साधारण 2.5 किलो कार्बन डायऑक्साइड धरा. समजा 200 लिटरचे तीन ड्रम नेले आणि 40 लिटर उरले, तर 560 लिटर जळले, म्हणजे सुमारे 1,400 किलो. हेलिकॉप्टरचे तास पायलटच्या नोंदवहीतून घ्या. छोट्या कॅम्पमध्ये बहुतेकदा ये-जाच कॅम्पहून भारी पडते, आणि अहवालातून नेमकी तीच गळलेली असते.
- मनुष्य-दिवस: कोण आलं, कोण गेलं, तारखांसह. याशिवाय दोन कॅम्पची तुलना होऊ शकत नाही.
- मैला आणि सांडपाणी: प्रोटोकॉलनुसार फील्ड कॅम्पचा कचरा शक्य तितका मूळ स्थानकावर किंवा जहाजावर परत न्यायचा असतो. बर्फमुक्त जमिनीवर किंवा गोड्या पाण्यात काहीही टाकायचं नाही. शिरमाखरमध्ये शंभराहून अधिक तळी आहेत, त्यामुळे 'थोडं लांब जाऊन ओतलं' याचा अर्थ बहुधा कुठल्यातरी तळ्याच्या पाणलोटात ओतलं. एका माणसाची रोजची दीड लिटर लघवी धरली तर सहा जणांच्या वीस दिवसांना 180 लिटर होते. डबे त्या हिशोबाने न्या. गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं, म्हणून डबा काठोकाठ भरू नका.
- वाटा: ट्रॅकर प्रत्येकाच्या खिशात हवा, फक्त प्रमुखाच्या नको. तंबू ते शौचालय आणि तंबू ते पाण्याची जागा या दोन वाटा सर्वाधिक तुडवल्या जातात. त्या पहिल्या दिवशी बर्फावरून किंवा कातळावरून आखून द्या आणि सगळ्यांना त्यावरूनच चालायला लावा.
- पक्षी: स्कुआ हा अन्नावर डोळा ठेवणारा समुद्रपक्षी कॅम्पजवळ घुटमळायला लागला तर तारीख लिहा आणि अन्न कुठे उघडं पडलं ते त्याच दिवशी शोधा.
- नमुने: प्रत्येक खड्डा, प्रत्येक छिन्नीचा घाव चौथ्या थरात. नमुन्याचा क्रमांक आणि नकाशावरचा क्रमांक एकच ठेवा.

तपासणी: आठवड्यातून एकदा वहीतलं जळलेलं इंधन आणि रिकाम्या ड्रमची संख्या जुळवा. फरक निघाला तर एकतर नोंद चुकली आहे, नाहीतर गळती आहे.

## टप्पा 5: गळती झाली तर

आधी गळती थांबवा, मग नकाशा. ड्रम उभा करा, बूच घट्ट करा, शोषक कापड टाका, मूळ स्थानकाला कळवा.

किती सांडलं ते डागाच्या आकारावरून ठरवू नका. ड्रममधली पातळी पट्टीने मोजा आणि कालच्या नोंदीतून वजा करा. खडीवर सांडलेलं इंधन पाहता पाहता खाली उतरतं. उन्हाळ्यात वितळणाऱ्या थराच्या तळाशी ते गोठलेल्या जमिनीला अडतं आणि उताराच्या दिशेने आडवं पसरतं. वर ताटाएवढा डाग आणि खाली मीटरभर पसरलेलं इंधन, असं सहज होऊ शकतं. म्हणून डागापासून उताराकडे ठरावीक अंतरावर हाताएवढे छोटे खड्डे घ्या, वास आणि ओल तपासा, आणि जिथे काहीच आढळलं नाही तो खड्डाही नोंदवा. हद्द त्यावरूनच ठरते. नमुना काचेच्या बाटलीत घ्या, प्लास्टिकच्या नको.

बर्फावर सांडलं असेल तर काम सोपं. रंगलेला बर्फ खालपर्यंत खरवडून ड्रममध्ये भरा, वजन करा, परत न्या.

## टप्पा 6: कॅम्प उठवताना

परतीचं हेलिकॉप्टर येण्याच्या दिवशी हे होणार नाही. आदल्या दिवशी सुरू करा.

तंबू काढले की प्रत्येक खुंटीचं भोक आणि दोराला ताण द्यायला ठेवलेला प्रत्येक दगड बघा. दगड जिथून उचलला तिथे, काळपट बाजू वर करून ठेवा. मग फोटोबिंदूंवर त्याच उंचीने, त्याच दिशेने, त्याच तासाला पुन्हा फोटो. श्रेणी पुन्हा द्या, आधीची श्रेणी न बघता.

मैत्रीच्या परिसरात वारा मुख्यतः आग्नेयेकडून येतो, त्यामुळे उडालेला कचरा वायव्येकडे सापडतो. त्या बाजूला 5-5 मीटरवर रांगेने चालत जा. मोठ्या दगडांच्या आडोशाला आणि बर्फाच्या ढिगांच्या कडेला थांबून बघा. सापडलेल्या प्रत्येक वस्तूची जागा लिहा आणि ती उचला. काहीच न सापडलेल्या रांगाही नकाशावर हव्यात, नाहीतर 'शोधलं आणि नव्हतं' आणि 'शोधलंच नाही' हे पुढच्याला सारखंच दिसेल.

इशारा: इंधनाचा किंवा सामानाचा साठा बर्फावर मागे ठेवत असाल तर त्याच्या अक्षांश-रेखांशाला तारखेशिवाय किंमत नाही. बर्फ वाहतो आणि साठा त्याच्याबरोबर जातो, शिवाय वरून गाडला जातो. भारताचं पहिलं स्थानक, बर्फाच्या मंचावरचं दक्षिण गंगोत्री, असंच हिमाखाली गेलं. तारीख, बर्फाच्या पृष्ठभागापासून खुणेच्या झेंडीची उंची आणि साठ्यातली प्रत्येक वस्तू लिहा, आणि परत कोण नेणार तेही.

## टप्पा 7: नकाशा बांधणं

पाचही थर एकाच जिओपॅकेज (नकाशाचे अनेक थर साठवणाऱ्या) फाइलमध्ये, पण वेगवेगळ्या पदरांत. प्रत्येक आकृतीला पाच रकाने सक्तीचे: तारीख, कोणी मोजलं, कशाने मोजलं, अचूकता किती, श्रेणी. 'अचूकता' रिकामी असेल तर ती आकृती अहवालात घेऊ नका.

क्षेत्रफळ काढताना क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळी सूत्रं आहेत: एक पृथ्वीच्या आकारासाठी प्रकल्पात ठरवलेल्या लंबगोलावर मोजतं, दुसरं सपाट प्रक्षेपणावर. पहिलं वापरा आणि कोणतं वापरलं ते लिहा. पायवाट ही रेषा असते, तिला क्षेत्रफळ नसतं. टेपने चार-पाच ठिकाणी रुंदी मोजून त्यावरून पट्टा तयार करा. सरसकट एक मीटर धरू नका.

'आधी' आणि 'नंतर' यांतला फरक हाच तुमचा ठसा. तो आकडा एकटा देऊ नका, त्यात किती चूक असू शकते त्या मर्यादेसह द्या: '410 चौरस मीटर, अधिक-उणे 30' असं. 'माहिती नाही' असलेला भाग नकाशावर वेगळ्या रंगात आणि तक्त्यात वेगळ्या ओळीत दाखवा.

## टप्पा 8: हस्तांतर

फाइली लॅपटॉपवर पडून राहिल्या तर सगळी मेहनत वाया जाते. मूळ नोंदवह्यांचे स्कॅन, न बदललेले फोटो, जीपीएसच्या कच्च्या नोंदी आणि तयार नकाशा हे चारही एकत्र मोहिमेच्या प्रमुखाकडे आणि ध्रुवीय केंद्राकडे द्या. फाइलनावात मोहिमेचा क्रमांक, जागा आणि तारीख हवी.

शिवाय पुढच्या चमूसाठी एक पान छापून द्या. त्यात फोटोबिंदूंच्या दगडांचे फोटो, प्रत्येकाची दिशा आणि तास, बर्फाखाली राहिलेले भाग, गळतीचे खड्डे, मागे ठेवलेली उपकरणं आणि त्यांच्या बॅटऱ्या किती काळ टिकतील ते. सगळ्यात वर, तिथे उतरल्यावर सामान कुठे ठेवायचं आणि कुठे अजिबात ठेवायचं नाही, हे लिहा.